अँजिओप्लास्टी झाली, आता गोळी कशाला?

परवा शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबा खात बसलो होतो. बोलता बोलता विषय निघाला आणि लक्षात आलं, की आम्हा सहाजणींपैकी चौघींच्या घरी कुणा ना कुणाची अँजिओप्लास्टी झालेली आहे. कुणाचे सासरे, कुणाचे वडील, एकीचे तर यजमानच. ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, "आमच्यांना स्प्रिंग टाकून चार वर्षं झाली. आता अगदी ठणठणीत आहेत. गोळ्याबिळ्या सगळ्या बंद!"

माझा घास हातातच राहिला. तिला विचारलं, "डॉक्टरांनी बंद केल्या का गं?" ती म्हणाली, "छे! त्यांनीच सोडल्या. बरं वाटतंय म्हटल्यावर कशाला उगीच?"

मैत्रिणींनो, हेच वाक्य एकदा आमच्या घरातही म्हटलं गेलं होतं. त्याचं काय झालं ते आज तुम्हांला सांगणार आहे. सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझीही आहे. पण ज्यांच्या घरी छातीत जाळी बसवलेलं माणूस आहे, त्या प्रत्येकीनं हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्ही राहतो बारामतीला. सासर इंदापूर तालुक्यातलं, निमगाव केतकीच्या जवळचं. मामंजींचा पानमळा आहे. २०१९ च्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखू लागलं. पुण्याला नेलं, तपासणीत एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली, आणि तिथं स्टेंट बसवला. चौथ्या दिवशी माणूस चालत घरी आलं! पूर्वी हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की छाती फाडायची, महिनाभर अंथरूण. इथं मनगटाशी एक टाचणीएवढी खूण. मामंजी गावात ज्याला त्याला हात दाखवून सांगायचे, "हितनं आत गेलं बघा, आन् काम करून आलं."

घरी निघताना पुण्याच्या डॉक्टरांनी दोन गोळ्यांवर लाल पेनानं खूण करून दिली होती. एक ॲस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल. वर्षानं त्यांनीच दुसरी बंद केली आणि बजावलं, "ॲस्पिरिन मात्र जन्मभर. कुणी काहीही सांगितलं तरी मला विचारल्याशिवाय थांबवायची नाही."

तीन वर्षं नीट गेली. २०२३ च्या जानेवारीत त्यांची दाढ दुखायला लागली. दाढ काढायला गेले, तेव्हा रक्त पातळ होण्याची गोळी पाच दिवस बंद ठेवून मग या, असं सांगण्यात आलं. आत्याबाईंनी मला फोन केला. "शिकलेली तू हायेस, सांग. बंद करू का?" मी पेपर तपासत होते. म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय ना आत्या, मग करा." पुण्याला एक फोन लावावा, एवढं माझ्या बी. ए. झालेल्या डोक्यात आलं नाही.

पाच दिवसांनी दाढ निघाली. गोळी पुन्हा सुरू करायची, हे कुणी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. स्ट्रिप फळीवर तशीच पडून राहिली. "आता बरंच हाय की, कशाला उगं पोटात औषध ढकलायचं?" असं मामंजी म्हणाले, आत्याबाईंनाही ते पटलं. तीन आठवडे गेले. एके दिवशी पहाटे चार वाजता छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम सुटला. दिरांनी १०८ ला फोन केला आणि त्यांना बारामतीला आणलं. तपासणीत दिसलं, की जुन्या स्टेंटमध्येच रक्ताची गाठ धरून वाट पूर्ण बंद झालेली होती.

डॉक्टरांनी ती वाट मोकळी केली, मामंजी वाचले. पण मधल्या काही तासांत हृदयाचा जो भाग रक्तावाचून राहिला, तो कायमचा दुबळा झाला. गोळी थांबली म्हणूनच हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "शंभर टक्के असं कुणीच सांगू शकणार नाही. गोळी घेणाऱ्यालाही क्वचित होतं. पण गोळी थांबली की धोका वाढतो, हे नक्की."

त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांना विचारलं, जे मिळेल ते वाचलं. त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं सांगते.

जाळी आणि नवा तवा

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून चरबीच्या थरानं अरुंद होतात. बारीक फुगा आत नेऊन ती जागा रुंद करायची, ही कल्पना पहिल्यांदा माणसावर यशस्वी केली डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी, १९७७ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात. पण फुगा काढला की काही जणांची वाहिनी पुन्हा आकसायची. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी त्या जागी धातूची बारीक जाळीदार नळी कायमची बसवून पाहिली. हाच स्टेंट. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डॉ. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी मिळून स्वस्त देशी स्टेंट तयार केला होता, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

आता गंमत अशी, की जाळी बसवल्यावर शरीर तिच्यावर आतून अस्तर धरतं. हे अस्तर फार जाड झालं तर वाट पुन्हा अरुंद होते. त्यावर उपाय म्हणून जाळीला औषधाचा लेप द्यायला सुरुवात झाली. अमेरिकेत असा पहिला स्टेंट २००३ साली मंजूर झाला. लेपामुळे अस्तर जाड होणं थांबलं, पण सुरुवातीच्या त्या स्टेंटमध्ये कधी कधी अस्तर नीट धरायलाच फार उशीर व्हायचा, आणि धातू रक्तात उघडा राहायचा.

आपण नवा लोखंडी तवा आणतो. त्यात तेल मुरेपर्यंत पहिल्या भाकरी, धिरडी चिकटतात की नाही? तसंच समजा. जाळीवर अस्तर धरेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्स तिला चिकटायला बघतात. प्लेटलेट्सचं कामच ते. भाजी चिरताना बोट कापलं की त्या धावत येऊन गाठ धरतात आणि रक्त थांबवतात. बोटावर ती गाठ म्हणजे उपकार. हृदयाच्या वाहिनीत तीच गाठ म्हणजे घात. आपल्या भागात ठिबकच्या नळीत कचरा अडकला, की पुढची ऊसाची रोपं दोन दिवसांत माना टाकतात. हृदयाला तेवढाही वेळ मिळत नाही.

गोळी प्लेटलेट्सची ही चिकटण्याची सवय कमी करते. मग रोजच का घ्यायची? कारण एका प्लेटलेटचं आयुष्य असतं आठ-दहा दिवसांचं. शरीर रोज नव्या तयार करतं, आणि त्या नव्यांना काल घेतलेली गोळी माहीत नसते! चार-पाच दिवस गोळी चुकली, की चिकटणाऱ्या प्लेटलेट्सची नवी फौज तयार झालेली असते.

धोका पहिल्या वर्षानंतर संपतो का?

सगळ्यांत जास्त धोका पहिल्या महिन्यात असतो, नंतर तो बराच कमी होतो. पण तो शून्य होत नाही, आणि हेच आपल्याला माहीत नसतं. २००६ च्या सप्टेंबरात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची मोठी परिषद भरली होती. लेपवाल्या पहिल्या स्टेंटमध्ये एक वर्ष उलटून गेल्यावरही गाठी होत आहेत, अशी माहिती तिथं पुढे आली आणि जगभर खळबळ उडाली. पुढे स्टेंट सुधारले. जाळी अधिक बारीक झाली, लेप बदलले. आजच्या स्टेंटमध्ये पहिल्या वर्षानंतर गाठ होण्याचं प्रमाण दर वर्षी शंभरात एकापेक्षाही कमी आहे. म्हणून घाबरून जाऊ नका. पण ज्याला ती होते, त्याला बहुधा मोठा झटकाच येतो आणि जिवावर बेतू शकतं. शिवाय पुष्कळ वर्षांनी जुन्या जाळीच्या आतही नव्यानं चरबीचा थर साचू शकतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि तंबाखू-विडी असेल, तर धोका आणखी.

मग दोन्ही गोळ्या जन्मभर का देत नाहीत? कारण दुसरी बाजूही आहे. २०१४ साली जवळजवळ दहा हजार रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांनंतरही दोन्ही गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी स्टेंटमध्ये गाठ झाली हजारांत ४ जणांना. दुसरी गोळी बंद करून नुसत्या ॲस्पिरिनवर ठेवलेल्यांत हजारांत १४ जणांना. पण दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांत बराच रक्तस्राव झाला हजारांत २५ जणांना, नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १६ जणांना. म्हणजे हा तराजू आहे, आणि तो प्रत्येक माणसाचा वेगळा. कुणाला दोन गोळ्या वर्षभर, कुणाला सहा महिने, कुणाला आणखी कमी. पुढे जन्मभराची एक गोळीही कुणाला ॲस्पिरिन, तर कुणाला क्लोपिडोग्रेल. हा तराजू धरायचा तो डॉक्टरांनी. तुम्ही, मी किंवा शेजारच्या काकांनी नव्हे.

घरात होणाऱ्या चुका

*दात आणि किरकोळ ऑपरेशन.* आमची चूक हीच. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग, शस्त्रक्रिया आणि दंतवैद्यकाच्या संघटनांनी एकत्र येऊन याबद्दल जाहीर सूचना काढली होती. त्यात दंतवैद्यांची संघटनाही होती, हे लक्षात घ्या. स्टेंटवाल्यांच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी थांबवू नयेत, हे तिचं सार. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनही दात काढता येतो. रक्त जरा उशिरा थांबतं, त्यावर बोळा दाबून धरणं, टाका घालणं असे उपाय असतात. म्हणून दाताचे, डोळ्यांचे, हाडांचे, कुठलेही डॉक्टर असोत, खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगा, "यांना स्टेंट आहे." आणि गोळी थांबवावीच लागली, तर पुन्हा सुरू करायची तारीख कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे ती तारीखच नव्हती.

*उपास.* एकादशी, सोमवार, चतुर्थी. "आज पोटात अन्न नाही, गोळी उद्या." असे महिन्यात चार उपास असले, तर चार दिवस गोळी बुडाली. देवाला गोळी चालते हो! काही गोळ्या अन्नावर घ्यायच्या असतात, तेव्हा दूध, केळं, साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्या. कडक उपास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

*गावाला जाणं.* लग्न, जत्रा, वारी. पिशवीत धोतर जातं, टाळ जातात, गोळ्या घरी. निघताना मोजून चार दिवसांच्या जास्तीच्या ठेवा.

*अंगदुखीच्या गोळ्या.* गुडघे दुखले की आपण मेडिकलमधून काहीतरी आणतो. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणू शकते, आणि अशा बऱ्याच गोळ्या हृदयालाही चांगल्या नसतात. पित्ताच्या गोळीचंही तसंच. ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करू शकते, म्हणून डॉक्टर बहुधा दुसरी देतात. मनानं काही आणू नका.

*पैसे.* स्टेंट स्वतःच पूर्वी लाखाच्या घरात जायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं लेपवाल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, पुढे तीत थोडेफार बदल होत गेले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी होते. पण नंतरच्या गोळ्यांचा खर्च घरखर्चातून निघतो, आणि ऊसाचं बिल लांबलं की पहिली कात्री तिथंच लागते. खरं तर ॲस्पिरिन ही दुकानातल्या सर्वांत स्वस्त गोळ्यांपैकी एक. बाकीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात कमी दरात मिळतात का, ते विचारा. महाग वाटतात हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. ते स्वस्त पर्याय लिहून देतील. तुम्ही गुपचूप बंद केल्या, तर त्यांना कळणार कसं?

*रक्त दिसणं.* हिरड्यांतून थोडं रक्त येणं, अंगावर निळे डाग पडणं हे या गोळ्यांनी होऊ शकतं. ते डॉक्टरांना सांगा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीतून रक्त पडलं, डोक्याला मार लागला किंवा अचानक फार जोरात डोकं दुखू लागलं, तर तडक दवाखाना गाठा. पण निळा डाग दिसला म्हणून आपल्या मनानं गोळी बंद, असं करू नका.

आणि आपलं स्वतःचं काय?

हा आजार म्हाताऱ्या पुरुषांचा, असं आपण धरून चालतो. अभिनेते श्रेयस तळपदे यांची डिसेंबर २०२३ मध्ये झटक्यानंतर अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा त्यांचं वय होतं ४७. बायकाही यातून सुटलेल्या नाहीत. माझ्या ओळखीच्या एका बाईंना बेचाळिसाव्या वर्षी स्टेंट बसला. गोळ्या सुरू झाल्यावर त्यांना पाळीच्या वेळी फार अंगावर जाऊ लागलं. हे हृदयाच्या डॉक्टरांना कसं सांगायचं, म्हणून त्यांनी पाळीचे पाच दिवस गोळ्या घ्यायच्या नाहीत, असा आपला आपणच नियम केला! सुदैवानं त्यांच्या जावेच्या ते लक्षात आलं, ती त्यांना घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली, दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं आणि मार्ग निघाला. बाई गं, लाज जिवापेक्षा मोठी नाही.

बायकांना झटका आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, धाप, काही न करता आलेला विलक्षण थकवा, अशीही लक्षणं असतात. "पित्त झालं असेल" म्हणून आपण आल्याचा रस घेऊन कामाला लागतो. ज्या बाईला स्टेंट आहे, तिनं तर असं मुळीच करू नये.

आम्ही काय केलं

आता आमच्या घरी प्लॅस्टिकचा सात खणांचा डबा आहे, वारांची नावं लिहिलेला. रविवारी संध्याकाळी तो भरायचं काम नातवाचं. तो चौथीत आहे, त्याला फार महत्त्व वाटतं. डबा असतो चहाच्या कपांशेजारी, कारण मामंजी एक वेळ देवाला विसरतील, चहाला विसरणार नाहीत. दहा गोळ्या उरल्या की नवी स्ट्रिप आणायची. स्टेंट बसवल्याचं कार्ड, तारीख आणि पुण्याच्या डॉक्टरांचा फोन यांची प्रत त्यांच्या पाकिटात, एक आत्याबाईंच्या बटव्यात, एक माझ्याकडे. आणि कपाटाच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय : "गोळी बंद करायला कुणी सांगितलं? आधी फोन."

छातीत दुखलं तर काय करायचं, तेही ठरलेलं आहे. वाट बघायची नाही, शेक द्यायचा नाही, मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि पहिलं वाक्य बोलायचं, "पेशंटला स्टेंट आहे."

तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते. मामंजी दर वर्षी बारामतीपासून पुढं सराटीपर्यंत पायी जायचे. नीरा ओलांडून पालखी अकलूजकडे निघाली की परतायचे. आता शंभर पावलांत त्यांना धाप लागते. पालखीच्या दिवशी आम्ही त्यांची खुर्ची रस्त्याकडेला लिंबाच्या सावलीत ठेवतो, आणि ते वारकऱ्यांना पाणी देत बसतात. गेल्या वर्षी त्यांच्याच वयाचा एक वारकरी टेकायला थांबला. बोलता बोलता म्हणाला, "मलाबी स्प्रिंग हाय छातीत." मामंजींनी पाण्याचा तांब्या हातातच धरून ठेवला आणि विचारलं, "माउली, गोळी घेतली का आज?"

त्यानं पिशवी चाचपली. गोळी होती. ती त्यानं त्यांच्यासमोर घेतली, वर पाणी प्यायला, आणि पुढं निघाला. मामंजी त्याच्या पाठमोऱ्या पताकेकडे बराच वेळ बघत राहिले. मी मागं उभी होते. मला माझा तो फोन आठवत होता.

माझ्या मैत्रिणीचे यजमान त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांची एक गोळी पुन्हा सुरू झाली. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आज रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर एवढंच करा. त्यांच्या गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या आणि मोजा. हिशेब जुळत नसेल तर रागावू नका. कारण विचारा, आणि सकाळी डॉक्टरांना फोन लावा.